‘तो आमच्याकडे रमणार नाही’ : विकासात मागे असलेल्या मुलाला शाळेने नाकारलं, तर दाद कशी मागायची

मुख्याध्यापिका बाई अगदी मायेने बोलल्या. मुलगा तेव्हा साडेपाच वर्षांचा होता, पहिलीच्या प्रवेशासाठी गेलो होतो. त्यांनी त्याला नाव विचारलं, रंग विचारले, कार्डावरचा हत्ती दाखवायला सांगितला. तो टेबलावरचा काचेचा पेपरवेट उजेडाकडे धरून त्यातले बुडबुडे बघत बसला. बाई हसल्या. “गोड आहे हो. पण आमच्या एका वर्गात चाळीस मुलं. तो आमच्याकडे रमणार नाही. त्याच्याच भल्यासाठी सांगते, एखादी स्पेशल शाळा बघा.” आम्ही थँक्यू म्हणून बाहेर पडलो. चक्क थँक्यू म्हणून! रिक्षा वळणावर आली तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, की आपल्याला प्रवेश नाकारलाय आणि त्याचा एवढासाही कागद आपल्या हातात नाही.

पुढचे काही महिने हा कागद तयार करण्यात गेले. नंतर ओळखीतल्या चार-पाच पालकांबरोबर मीही कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले. त्या अनुभवातून आणि कायदा वाचून जे हाती लागलं, ते क्रमाने लिहिते. सगळं महाराष्ट्रातल्या व्यवस्थेला धरून आहे. केंद्राचे कायदे मात्र देशभर तेच आहेत, त्यामुळे गोवा किंवा बेळगावच्या पालकांनाही बराच भाग उपयोगी पडेल.

आधी हे ठरवा : नेमकं काय नाकारलं गेलंय?

हे ठरल्याशिवाय अर्ज लिहायला बसू नका. तक्रार कुणाकडे आणि कुठल्या कलमाखाली करायची, ते यावर ठरतं.

पहिलीचा सर्वसाधारण प्रवेश नाकारला असेल आणि मूल ६ ते १४ या वयोगटात असेल, तर शिक्षणहक्क कायदा, २००९ आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ असे दोन्ही कायदे हाताशी आहेत. (महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण व्हावी लागतात.)

नर्सरी किंवा ज्युनिअर केजीचा प्रवेश असेल, तर शिक्षणहक्क कायद्यावर सगळी भिस्त ठेवू नका. त्या कायद्यातलं ‘बालक’ ६ वर्षांपासून सुरू होतं. तिथे २०१६ चा कायदा पुढे करा. त्याच्या कलम १६ मध्ये वयाची अट नाही. शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शैक्षणिक संस्था असा तिथे उल्लेख आहे, म्हणजे पहिलीपासूनच्या मान्यताप्राप्त शाळेला जोडलेल्या बालवाडीबाबत बोलायला जागा राहते. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या स्वतंत्र प्लेग्रुपपुढे हा मुद्दा लंगडा पडतो, हेही सांगून ठेवते.

तिसरा प्रकार २५ टक्के राखीव जागांचा, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे खासगी शाळांनी वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या जागांचा. लॉटरीत नंबर लागला, कागद तपासून झाले आणि शाळा प्रवेश देईना. हा नकार सगळ्यांत उघडा असतो आणि सगळ्यांत लवकर सुटू शकतो, पण प्रवेशाची मुदत दिवसांत मोजतात. त्यामुळे इथे पत्रव्यवहाराच्या फेऱ्या नकोत. त्याच दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, महापालिका हद्दीत असाल तर मनपाच्या शिक्षण विभागाकडे, लेखी तक्रार द्या.

चौथा प्रकार प्रवेश दिल्यानंतरचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर बोलावून घेतात आणि म्हणतात, “दाखला घेऊन जा, उगाच वर्ष फुकट जाईल.” दाखला हा पालकांच्या अर्जावर निघतो. तुम्ही अर्जच दिला नाहीत, तर मूल पटावर राहतं. ‘स्वेच्छेने काढून नेत आहे’ असं काहीही, कितीही गोड बोलून मागितलं, तरी लिहून देऊ नका. आमच्या थेरपी सेंटरमधल्या एका आईने ते दिलं होतं. पुढे तिची तक्रार त्या एका ओळीवर अडली.

त्याच रात्री ई-मेल

नकार शक्यतो कुणीच लिहून देत नाही. मी मागायला गेले तर ऑफिसमधल्या ताई म्हणाल्या, “असं लेखी वगैरे आम्ही देत नाही.” मग तोंडी नकार आपणच कागदावर आणायचा. भेटीतून घरी आल्यावर, त्याच रात्री, शाळेच्या अधिकृत ई-मेलवर पाच-सहा ओळी पाठवायच्या. रागाचा एकही शब्द नको. मी पाठवलेला मजकूर साधारण असा होता :

“आज दि. … रोजी सकाळी ११ वाजता इयत्ता १ लीच्या प्रवेशासाठी मी, माझे पती आणि आमचा मुलगा आपणांस भेटलो. आपण मुलाला रंग व चित्रे ओळखण्यास सांगितले. त्यानंतर ‘तो आमच्याकडे रमणार नाही, विशेष शाळा पाहावी’ असे आपण सांगितले. प्रवेश अर्जाचा नमुना आम्हांस देण्यात आला नाही. यात काही चूक असल्यास कृपया कळवावे. प्रवेश नाकारला असल्यास त्याची कारणे सात दिवसांत लेखी द्यावीत, ही विनंती.”

‘चूक असल्यास कळवावे’ हे वाक्य विसरू नका. शाळा गप्प बसली, तर त्या दिवशी काय झालं याची तुमची नोंद खोडायला पुढे कुणाकडे काही उरत नाही. उत्तर आलं तर आणखी चांगलं, कारण त्यात नकाराची कारणं आपोआप येतात.

आणि अर्ज. प्रवेश अर्ज भरून दिलाच नाही, तर शाळा नंतर म्हणते, “यांनी अर्जच केला नव्हता, नुसते चौकशीला आले होते.” फॉर्म देत नसतील तर साध्या कागदावर अर्ज लिहा, जन्मदाखल्याची प्रत जोडा, ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच मागा. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा, पोस्टाच्या वेबसाइटवरून पोहोचल्याची नोंद छापून घ्या.

प्रमाणपत्राचं वय पाहा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बरेच पालक इथेच अडकतात.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) यांसाठी अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे (२०१८ च्या, २०२४ मध्ये सुधारलेल्या) १ ते ५ वर्षांच्या मुलाला ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’, म्हणजे सर्वांगीण विकासातला विलंब, असं निदान लिहून तात्पुरतं प्रमाणपत्र देतात. मुलाला पाच वर्षं पूर्ण झाली की पुन्हा तपासणी होते आणि बौद्धिक अक्षमतेच्या निकषांवर नवं प्रमाणपत्र निघतं. आता हिशेब बघा. तात्पुरतं प्रमाणपत्र पाचव्या वर्षी संपतं आणि पहिलीचे अर्ज त्याच सुमारास सुरू होतात. ऐन पडताळणीच्या टेबलावर कळतं, की प्रमाणपत्राची मुदत उलटून गेली. मुलाचा पाचवा वाढदिवस झाला की केकआधी रुग्णालयाची तारीख घ्या, असं मी सगळ्यांना सांगते.

टक्क्यांचं गणितही समजून घ्या. २०१८ च्या सूचनांत सामाजिक परिपक्वता चाचणीच्या गुणांवरून टक्के ठरत : ५५ ते ६९ गुण आले तर ५० टक्के, ७० ते ८४ आले तर २५ टक्के. ही चाचणी मूळ अमेरिकेतली, वाइनलँडची, आणि तिचं भारतीय रूप मालिन यांनी नागपुरात बसवलं. तिच्यात मूल स्वतःच्या हाताने जेवतं का, बटणं लावतं का, ओळखीच्या घरी एकटं जातं का, असे प्रश्न पालकांना विचारतात. आणि आपण आई-वडील काय करतो? मुलाचं कौतुक सांगतो. “हो हो, सगळं करतो.” मदतीने करतो की स्वतः करतो, हे नीट सांगा. वाढवून नको, लपवूनही नको.

२५ टक्के राखीव जागांसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं ‘वंचित गटा’त आली, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पण तुमच्या मुलाच्या प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व २५ टक्केच आलं, किंवा अजून प्रमाणपत्रच नाही, तर हात टेकू नका. २०१६ च्या कायद्यात ‘दिव्यांग व्यक्ती’च्या व्याख्येत टक्क्यांचा आकडा नाही. ४० टक्के हा आकडा ‘लक्षणीय दिव्यांगत्वा’साठी आहे आणि तो आरक्षणासारख्या ठराविक सवलतींना लागतो. भेदभाव न करता प्रवेश देण्याचं कलम १६ सगळ्यांसाठी आहे. कचेरीत हा फरक पुष्कळदा माहीत नसतो. शांतपणे कलम वाचून दाखवावं लागतं.

प्रमाणपत्राशिवाय दुसरा एक कागद मी महत्त्वाचा मानते : बालविकासतज्ज्ञांचा किंवा थेरपिस्टचा दोन पानी अहवाल. आमच्या पहिल्या अहवालात नुसते गुणांक होते. ते वाचून शाळेला नाकारायला आणखी एक कारण मिळालं असतं. मी परत जाऊन डॉक्टरांना विनंती केली, की तो काय करू शकतो, वर्गात बसायला त्याला काय लागेल आणि साध्या शाळेत घालावं असं तुमचं मत आहे का, एवढं स्पष्ट लिहा. दुसरा अहवाल असा आला : दोन शब्दांची वाक्यं बोलतो, एका वेळी एकच सूचना दिली तर पाळतो, पुढच्या बाकावर, खिडकीपासून दूर बसवावं, शौचाला जायचं असलं की चित्रकार्ड दाखवतो, दर चाळीस मिनिटांनी पाच मिनिटं हालचालीची मोकळीक लागते, सर्वसाधारण शाळेत समवयस्कांबरोबर शिकणं त्याच्या भाषेच्या वाढीसाठी आवश्यक. पुढे सुनावणीत साहेबांनी हेच पान उघडून शाळेला विचारलं, यातलं नेमकं काय जमणार नाही?

खासगी तपासण्या परवडत नसतील, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र शोधा. ते बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असतं आणि तपासणी मोफत होते.

पत्रात कोणती कलमं घालायची

कलमांचा पाऊस पाडू नका. माझ्या पहिल्या मसुद्यात राज्यघटनेपासून सगळं होतं, चार पानं. वकील मैत्रिणीने त्यातल्या तीन पानांवर काट मारली. राहिलं ते इतकंच :

शिक्षणहक्क कायद्याचं कलम १३ प्रवेशाच्या वेळी बालकाची किंवा पालकांची कुठलीही चाळणी करायला मनाई करतं. एका मुलाला दुसऱ्यापेक्षा पसंती देणारी, लॉटरीसारखी नसलेली कोणतीही निवडपद्धत म्हणजे चाळणी. रंग-हत्ती ओळखायला लावून त्यावर नकार देणं त्यात बसतं. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५० हजारांपर्यंत दंड आहे. कलम १५ सांगतं, की वर्ष सुरू झाल्यावर आला म्हणूनही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही. कलम ३२ तक्रारीचं, त्याकडे पुढे येते.

दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ भेदभावाविना प्रवेश, गरजेप्रमाणे वाजवी सोयी आणि वैयक्तिक आधार सांगतं. कलम ३१ प्रमाणे लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘त्याच्या पसंतीच्या’ हे शब्द अधोरेखित करा. विशेष शाळा निवडायचा हक्क मुलाचा आणि पालकांचा आहे, मुख्याध्यापकांचा नाही.

अल्पसंख्याक संस्थेची शाळा असेल तर शिक्षणहक्क कायदा बाजूला ठेवावा लागतो. प्रमती खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शाळांना यातून वगळलं. दिव्यांग हक्क कायद्यात मात्र अशी सूट लिहिलेली नाही. तेव्हा तिथे पत्र कलम १६ वरच उभं करा.

आधी संस्थेला, मग शिक्षणाधिकाऱ्यांना

मुख्याध्यापकांवर संस्था असते. सचिव किंवा अध्यक्ष यांच्या नावे एक पानी पत्र द्या, आठ दिवसांची मुदत द्या. काही वेळा इथेच काम होतं. मुख्याध्यापिकेने विश्वस्तांना काही सांगितलेलंच नसतं आणि ‘दंड’ हा शब्द त्यांना चटकन ऐकू येतो. आमच्या बाबतीत उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी आम्ही पुढची पायरी चढलो.

कलम ३२ खालची तक्रार ‘स्थानिक प्राधिकरणा’कडे करायची. ग्रामीण भागात ती जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्या नावे लिहा, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. शहरात महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या शिक्षण विभागप्रमुखांच्या नावे. खासगी शाळेचा विषय आमच्याकडे नाही, असं पालिकेत सांगतात, जिल्हा परिषदेत सांगतात की तुम्ही पालिका हद्दीत राहता. म्हणून मूळ तक्रार एकीकडे आणि प्रत दुसरीकडे, दोन्हीची पोहोच घ्यायची. मग टोलवाटोलवी त्यांची त्यांनी करावी.

मजकुराचा सांगाडा असा ठेवा :

“विषय : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम ३२ अन्वये तक्रार – इयत्ता १ लीचा प्रवेश नाकारल्याबाबत.

महोदय, माझा मुलगा (जन्मतारीख …) यास सर्वांगीण विकासातील विलंब आहे. दि. … रोजी … या शाळेत प्रवेशासाठी गेलो असता त्याची तोंडी चाचणी घेऊन प्रवेश नाकारण्यात आला. दि. … रोजी ई-मेल व दि. … रोजी संस्थेस पत्र दिले. उत्तर मिळालेले नाही. सदर कृती अधिनियमाच्या कलम १३ व १५ तसेच दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ चे उल्लंघन आहे.

विनंती : (१) शाळेस प्रवेश देण्याचे निर्देश द्यावेत. (२) अहवालात नमूद सोयी पुरविण्याबाबत शाळेकडून लेखी घ्यावे. (३) कलम १३ खाली कारवाई करावी. (४) आम्हांस सुनावणीची संधी द्यावी.”

खाली सोबत जोडलेल्या कागदांची क्रमवार यादी, प्रत्येक पानावर आपली सही. मागणी क्रमांक दोन पुष्कळ जण विसरतात. मग प्रवेश मिळतो आणि मूल शेवटच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसतं.

तक्रार द्यायला गेलात की आवक-जावक टेबल गाठा. मला तिथल्या भाऊंनी सांगितलं, “साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा, देतो मी.” ठेवून जायचं नाही. दुसरी प्रत पुढे करून म्हटलं, “तेवढा आवक नंबर टाकून द्या ना दादा, मग जाते.” त्यांनी कुरकुरत रजिस्टर ओढलं, निळ्या शाईच्या पॅडवर शिक्का दाबला, तिरका उमटला, त्यावर चार आकडी नंबर आणि तारीख घातली. त्या नंबराशिवाय तुमची तक्रार कचेरीच्या हिशेबी जन्मलेलीच नसते. मला तो नंबर अजून पाठ आहे, स्वतःच्या गाडीचा नाही.

या तारखेपासून दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची संधी देऊन तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यावा, असं कायदा म्हणतो. तक्रार फेब्रुवारी-मार्चमध्ये गेली, तर जूनच्या शाळेआधी काही हाती लागायची आशा. मेमध्ये गेलात तर बदल्या आणि सुट्ट्यांत फाइल अडकते.

महिनाभर हालचाल नाही असं वाटलं, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत : माझ्या आवक क्रमांक अमुक तक्रारीवर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणी व पत्रव्यवहार यांच्या प्रती द्याव्यात. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्या फाइलचं पहिलं पान यानंतर पाचव्या दिवशी हललं.

सुनावणीत शाळा काय म्हणते

सुनावणी म्हणजे कोर्ट नव्हे. एक टेबल, साहेब, विस्तार अधिकारी, समोर शाळेचे दोघे, बाजूला आपण. वकील लागत नाही. मुलाला नेऊ नका. तिथेही कुणीतरी त्याला “बाळा, नाव काय तुझं?” विचारतंच आणि खोलीतल्या सगळ्यांचं मत त्या एका उत्तरावर ठरतं.

शाळेचे मुद्दे बहुतेक ठरलेले असतात.

“आमच्याकडे विशेष शिक्षक नाही.” यावर म्हणायचं, की ही शाळेची उणीव आहे, मुलाची नव्हे. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याच विषयावर निकाल दिला. प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण त्यातच आहे. सीबीएसई शाळा असेल, तर विशेष शिक्षक नेमण्याची अट त्यांच्या संलग्नता नियमांत आहे, त्याची प्रत न्या. समग्र शिक्षा अभियानाखाली तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ असतात. त्यांच्याकडून शाळेला मार्गदर्शन मिळावं, अशी मागणी साहेबांसमोरच करा.

“पालकांनी स्वखर्चाने शॅडो टीचर द्यावी, मग घेतो.” हा मुद्दा सर्वांत चलाख, कारण आपण हो म्हणायला उतावीळ असतो. मदतनीस देणं ही तुमची तयारी असू शकते. प्रवेशाची अट म्हणून ती घालता येत नाही. तसं इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि मग द्यायची तर द्या.

“जागा भरल्या.” तुम्ही गेलात त्या तारखेनंतर किती प्रवेश झाले, याचं रजिस्टर मागा. आमच्या सुनावणीत इथे शाळेचे लिपिक पाणी प्यायला बाहेर गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

“आमच्याजवळ झेडपीची शाळा आहे, २५ टक्के आम्हाला लागू नाही.” फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने असा नियम केला होता खरा. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला. जुनी बातमी अजून काही ऑफिसांत जिवंत आहे.

आणि शेवटचा, “बाकीचे पालक तक्रार करतात.” याला मी कायद्याने उत्तर दिलं नाही. साहेबांकडे नुसतं बघितलं. त्यांनीच विचारलं, “लेखी आहे का एखादी?” नव्हती.

बाहेर पडण्याआधी इतिवृत्त वाचून मगच सही करा. ‘पालकांचे समाधान झाले’ असं आधीच टाइप केलेलं असतं कधीकधी.

निर्णय विरुद्ध गेला, किंवा आलाच नाही

कलम ३२ प्रमाणे अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे, मुंबईला. खालचा आदेश, तुमची फाइल आणि आदेशात काय चुकलं याची एक पानी मांडणी, एवढं पुरतं. तीन महिने उलटूनही आदेश नसेल, तर आवक नंबर दाखवून तेच आयोगाला लिहा.

त्याला समांतर दिव्यांग कल्याण आयुक्त, पुणे यांच्याकडे २०१६ च्या कायद्याखाली तक्रार करता येते. तेच या कायद्याखालचे राज्य आयुक्त. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं याबाबतीत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. ते शिफारस करतात, आणि संबंधित प्राधिकरणाला तीन महिन्यांत काय केलं ते, किंवा का केलं नाही ते, कळवावं लागतं. ‘शिफारस’ हा शब्द ऐकून पालक नाराज होतात. पण माझ्या पाहण्यात पुण्याहून नुसती नोटीस निघाल्यावर एका शाळेने दोन दिवसांत फोन करून प्रवेश दिला. नर्सरीच्या आणि अल्पसंख्याक शाळेच्या प्रकरणात तर मी आधी इथेच जाईन. एका ठिकाणी तक्रार आहे हे दुसऱ्या ठिकाणी लपवू नका, दोन्ही अर्जांत लिहा.

उच्च न्यायालयातली रिट याचिका हा शेवटचा दरवाजा. त्यासाठी उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं आणि दिव्यांग व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज आईच्या नावे केला तरी चालतो.

तोवर मूल घरी नको

हे सगळं चालू असताना आमचा मुलगा जवळच्या पालिका शाळेत जात होता. तिथे एका दिवसात प्रवेश झाला. वयानुरूप वर्गात, आणि मागे पडलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण, ही तरतूद शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. दुसरीकडे नाव घातल्याने आपला दावा संपतो, ही भीती घालवा. फक्त तक्रारीत एक ओळ लिहा, की मुलाचं नुकसान होऊ नये म्हणून तात्पुरता प्रवेश घेतला आहे. खरं सांगायचं तर त्या शाळेतल्या बाई इतक्या जीव लावणाऱ्या निघाल्या, की आदेश आपल्या बाजूने आला तेव्हा घरात दोन दिवस वाद झाला, हलवायचं की नाही. शेवटी आम्ही हलवलं, कारण ती शाळा चौथीपर्यंतच होती आणि नवीन शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर.

नव्या शाळेत पहिल्याच महिन्यात वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक आणि आम्ही, अशी बैठक मागून घेतली. डॉक्टरांच्या त्या दोन पानांवरून वैयक्तिक शिक्षण आराखडा लिहिला : कुठे बसेल, सूचना कशा द्यायच्या, चित्रकार्ड कुणाकडे राहील, दर तिमाहीला कोण काय तपासेल. खाली तिघांच्या सह्या. ‘रमणार नाही’ म्हणणाऱ्या त्याच बाईंची सही त्यावर आहे.

फाइल टाकून दिलेली नाही. प्रमाणपत्राचं नूतनीकरण आलं, की त्यात नवा कागद जातो. इयत्ता वाढेल तशी लेखनिक, जादा वेळ, विषयांतली सूट यांचे अर्ज करावे लागतील, तेव्हा पहिल्या पानावर तोच तिरका शिक्का असेल.